समाजमंदिर पुन्हा उघडताना : प्रकल्प नोंदी (मार्च २०२४ ते मार्च २०२५)

१० मार्च २०२४, रविवार

समाजमंदिराची आज आतून पाहणी केली. सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीच्या मागे आमची साधारण तीनशे घरांची वस्ती आहे आणि तिच्या मधोमध, काही वर्षांपूर्वी आमदार निधीतून बांधलेले हे समाजमंदिर उभे आहे. लांबी चाळीस फूट, रुंदी वीस फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, एक लोखंडी दरवाजा आणि चार खिडक्या. भिंती मजबूत आहेत. स्लॅब दोन ठिकाणी गळत असल्याच्या खुणा आहेत आणि पूर्वेकडील कोपऱ्यात गिलाव्याचा पोपडा नुसत्या बोटाने निघतो. वीजजोडणी थकबाकीमुळे कायमची तोडलेली आहे. मागे शौचालयाची खोली आहे, पण तिच्या भांड्यात राडारोडा भरलेला आहे आणि जमिनीखालचा नळ मलवाहिनीपर्यंत कधी नेलाच नव्हता असे दिसते.

आत गणेश मंडळाचे ढोल, लेझमांच्या पेट्या, मखराचे सांगाडे, मांडवाचे बांबू आणि कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या यंत्रमागाचे दोन बीम आहेत. किल्ली मंडळाच्या एका कार्यकर्त्याकडे असते. लग्न, बारसे किंवा दहावा असल्यास ती मागितली की मिळते, एरवी कुलूप असते. वस्तीसाठी सार्वजनिक केंद्र उभारायचे म्हणून नव्या इमारतीला जागा शोधण्याचा आमचा मूळ विचार ही पाहणी झाल्यावर बाजूला ठेवला. आहे ती वास्तू दुरुस्त करून ती दररोज ठरलेल्या वेळी उघडी राहील अशी व्यवस्था बसवणे हेच काम हाती घ्यावे, असे सर्वांचे मत पडले.

१७ मार्च २०२४

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता काल लागू झाली. समाजमंदिराच्या कोनशिलेवर आज सकाळी कागद चिकटवलेला आढळला. वास्तू महापालिकेच्या मालकीची आहे, महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहे आणि त्यामुळे वस्तीतील माणूस ज्या दारात प्रथम जातो ते नगरसेवकाचे दारच सध्या नाही. देखभालीसाठी वास्तू आमच्याकडे द्यावी, असा अर्ज तयार ठेवला असून आचारसंहिता उठल्यावर तो सादर करू. तोपर्यंत घरोघरची पाहणी, नियमावलीचा मसुदा आणि संस्थेची नोंदणी ही तीन कामे करता येतील.

७ एप्रिल २०२४

पाहणीचा पहिला टप्पा संपला. 'केंद्रात काय काय हवे?' असा प्रश्न पहिल्या काही घरांत विचारला, तेव्हा 'तुम्ही द्याल ते चालेल' हेच उत्तर सगळीकडे मिळाले. त्याचा काही उपयोग होत नाही, हे लक्षात येताच प्रश्न बदलला आणि घरातील प्रत्येक माणसाचा कालचा दिवस कसा गेला एवढेच विचारू लागलो. त्यातून जे पुढे आले ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतावे लागणार आहेत.

वस्तीतील बहुतेक पुरुष टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत यंत्रमागावर आहेत. पाळी बारा तासांची असते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो तो दुपार कलल्यावरच उठतो. घर एका खोलीचे. त्याच खोलीच्या उंबऱ्याशी घरातील बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. आदल्या रात्री भिजवलेली पाने पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीने कापायची, चिमटीने तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड दुमडायचे, असे हजार विड्यांचे काम करता करता तिचा अख्खा दिवस जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माल कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यातील छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, बाजूला काढली जाताना पाहायची आणि नवी पाने व तंबाखू घेऊन परतायचे. अशा घरात शाळेतून आलेल्या मुलाला बसायला जागा उरत नाही. बाप झोपलेला असल्याने मोठ्याने वाचता येत नाही आणि दारात तंबाखूचा धुरळा असतो, म्हणून त्याला 'बाहेर जाऊन खेळ' असे सांगितले जाते. नववी-दहावीच्या मुली तर खेळायलाही बाहेर पडत नाहीत, आईच्या शेजारी बसून पाने कापतात. बसायला शांत जागा हवी, हे कोणी मागणी म्हणून बोलून दाखवले नाही, पण पाहणीच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर ते लिहिलेले आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोलापूरला नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि यंदा उजनी धरण उणे पातळीत गेल्यामुळे हे अंतर कधी वाढेल याचा भरवसा नाही. पाण्याच्या दिवशी वस्तीतील एकही बाई घर सोडत नाही. पाण्याची वेळ कधी पहाटेची असते, कधी मध्यरात्रीची. त्या दिवशी बैठक ठेवली तर ती होणार नाही, हे कोणालाही कळेल, पण बाहेरून आलेल्या अनेक चांगल्या उपक्रमांचे वेळापत्रक सोमवार ते शनिवार असे छापलेले असल्यामुळे ते याच एका कारणाने बारगळलेले आम्ही पाहिले आहेत.

२१ एप्रिल २०२४

वेळापत्रकाचा मसुदा ठरला. अभ्यासिका दररोज दुपारी दोन ते रात्री नऊ. महिलांची बैठक आठवड्याच्या ठरावीक वाराला न ठेवता 'पाण्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता' अशी ठेवण्यात आली. वार कोणताही असो, नळाला पाणी आले की दुसऱ्या दिवशी बैठक आहे, हे सर्वांना आपोआप कळते आणि निरोप धाडावा लागत नाही.

सूचनाफलकाबद्दल बरीच चर्चा झाली. निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड, काहींत दखनी. तेव्हा फलक तेलुगूतही लिहावा, असा प्रस्ताव आला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहिलेल्या आमच्या अक्कांना तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. मुले शाळेत मराठी शिकली आहेत, ती फलक वाचून घरी सांगू शकतात. फलक मराठीतच राहील आणि महत्त्वाची सूचना असेल तेव्हा मंडळाच्या ध्वनिक्षेपकावरून ती तेलुगू व दखनीतही सांगितली जाईल, असे ठरले.

१९ मे २०२४

मतदान ७ तारखेला झाले असले तरी आचारसंहिता अजून उठलेली नाही. पारा चाळीसच्या वर असल्याने बैठका रात्री नऊनंतर, समाजमंदिराच्या बाहेरील ओट्यावर होत आहेत.

संस्थेची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली करावयाची असून महाराष्ट्रात तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. किमान सात सदस्य लागतात. आम्ही अकरा जणांची कार्यकारिणी धरली आहे आणि त्यांपैकी सहा स्त्रिया वस्तीतीलच असतील, अशी अट नियमावलीत लिहिली आहे. धनादेशावर दोन सह्या, त्यांपैकी एक महिला सदस्याची. कोणत्याही राजकीय पक्षाचा पदाधिकारी आमच्या कार्यकारिणीवर पदाधिकारी होऊ शकणार नाही. वास्तूवर, आत किंवा बाहेर, वाढदिवसाचा अथवा शुभेच्छांचा फ्लेक्स लागणार नाही. या शेवटच्या कलमावर दोन तरुण नाराज होऊन उठून गेले. ते परत येतील, कारण ते मंडळाचे आहेत आणि मंडळाचे सामान आतच आहे.

नावाचा प्रश्न अधिक नाजूक होता. दोन गटांनी दोन महापुरुषांची नावे सुचवली आणि दोन्ही नावांबद्दल सर्वांच्या मनात सारखाच आदर असल्यामुळे मतदान घेणे कोणालाच नको होते. अखेर एका ज्येष्ठ अण्णांनी सुचवले की नावात वस्तीचे नाव आणि 'सार्वजनिक केंद्र' एवढेच असावे, आणि दोन्ही महापुरुषांच्या तसबिरी आत शेजारी शेजारी लावाव्यात. हा तोडगा मान्य झाला.

९ जून २०२४

आचारसंहिता ६ जूनला उठली आणि अर्ज सादर झाला. करार अकरा महिन्यांचा होईल. देखभाल व वीजबिल आमच्याकडे, मालकी महापालिकेकडे, आणि निवडणूक किंवा आपत्ती आल्यास वास्तू प्रशासनाला मोकळी करून द्यावी लागेल. या अटी रास्त आहेत. भाडे घेऊन लग्नकार्याला देता येणार नाही, ही अट मात्र उत्पन्नाच्या दृष्टीने अवघड आहे. तरी घरटी महिना वीस रुपये वर्गणी आणि छापील पावतीपुस्तक या मार्गाने चालता येते का ते पाहू. मोठ्या देणगीने सुरू झालेले केंद्र देणगी आटली की थांबते. वर्गणी थोडी जमते, पण वर्गणी देणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी आत डोकावून काय चालले आहे ते विचारतो, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

२३ जून २०२४

मंडळाशी बैठक झाली. ही बैठक फिसकटेल, अशी भीती अनेकांना होती. सोलापुरात लेझीम ही मंडळांची शान आहे आणि ती पावसात भिजू द्या, असे आम्ही सांगूच शकत नाही. दोन्ही बाजूंनी शांतपणे बोलल्यावर असे ठरले की मागच्या भिंतीला लागून लोखंडी अँगलचा माळा करायचा, अँगल आणि फळ्यांचा खर्च केंद्राने द्यायचा, वेल्डिंगचे काम मंडळातील फॅब्रिकेशनच्या कामाला जाणाऱ्या मुलांनी करायचे, आणि सगळे सामान माळ्यावर चढवून खालची फरशी मोकळी करायची. यंत्रमागाचे बीम भंगारात गेले आणि आलेली रक्कम मंडळाच्या संमतीने केंद्राच्या खात्यावर जमा झाली. ज्यांना आपण अडथळा समजत होतो त्यांच्याकडेच वस्तीतील सगळ्यात जास्त हात, शिड्या आणि दोरखंड आहेत.

किल्लीबद्दलचा निर्णयही याच बैठकीत झाला. तीन किल्ल्या करण्यात आल्या. एक मंडळाकडे, एक कार्यवाहांकडे आणि तिसरी समाजमंदिरासमोर राहणाऱ्या एका ज्येष्ठ अक्कांकडे. अक्का सकाळी कारखान्यात माल देऊन आल्या की दिवेलागणीपर्यंत दारातच विड्या वळत असतात, आणि समाजमंदिरात कोण आले, कोण गेले हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. 'मी कुठं जायलेय, हितंच बसलेली असते की,' असे म्हणून त्यांनी किल्ली चंचीत टाकली.

७ जुलै २०२४

स्लॅबवर गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे कोबा, पूर्ण झाला. जुना पोपडा खरवडून काढला, भेगा सिमेंटने भरल्या आणि विटांचे तुकडे उभे लावून मसाला भरत दोन्ही पन्हाळींकडे उतार काढला. काठाला, जिथे स्लॅब आणि कठडा मिळतात, तिथे गोलाई नीट देणे महत्त्वाचे असते. गळती बहुधा तिथूनच सुरू होते. गवंडी वस्तीतीलच असून त्यांनी मजुरी निम्मीच घेतली.

कोबा झाल्यावर स्लॅबवर पाणी साठवून चाचणी घेण्याची रीत आहे. हिशेब केला : आठशे चौरस फूट क्षेत्रावर दोन इंच पाणी उभे करायचे तर सुमारे तीन हजार आठशे लिटर पाणी लागते. ज्या वस्तीत पाच दिवसांचे पाणी पिंपात धरून ठेवतात तिथे एवढे पाणी छतावर ओतणे कोणालाही पटणारे नव्हते आणि ते योग्यही झाले नसते. कोब्याला पाणी मारण्यासाठी भिजलेली पोती पसरून ठेवली आहेत, ती दिवसातून दोनदा शिंपडावी लागतात. चाचणी पावसावर सोपवली आहे.

१४ जुलै २०२४

वास्तू अजून रंगलेली नाही, वीज नाही, आणि तरीही केंद्र सुरू झाले आहे. ते आम्ही सुरू केले असे म्हणता येणार नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी दरवाजाबाहेर बायकांची रांग लागली. दरमहा १,५०० रुपये ही रक्कम विड्या वळणाऱ्या घरात काय असते हे बाहेरच्या माणसाला सांगून समजणार नाही. बाजारात एका अर्जामागे शंभर-दोनशे रुपये घेतले जात असल्याने इथे फुकट भरून मिळतो ही बातमी वाऱ्यासारखी पसरली.

अर्ज भरणे हे काम वरवर सोपे आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. खरी अडचण नावांची आहे. तेलुगू आडनावे निरनिराळ्या कारकुनांनी निरनिराळ्या काळात कानाला जशी वाटली तशी लिहिलेली आहेत. एकाच बाईच्या आधारकार्डावर 'येमुल', रेशनकार्डावर 'यमूल' आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचे आडनाव. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होणार असल्यामुळे कोणाचे खाते कोणत्या बँकेत आधारला जोडलेले आहे हे प्रथम शोधावे लागते. काही जणींची खाती एखाद्या जुन्या बचतगटासाठी उघडलेली आणि विसरलेली निघाली. दिवसा ॲप पुढे सरकत नाही, म्हणून कागद दुपारी तपासून ठेवायचे आणि अर्ज रात्री अकरानंतर भरायचे अशी विभागणी केली आहे. रात्रीचे काम बारावी झालेल्या आणि महाविद्यालयात जाणाऱ्या चार मुली करतात. त्यांना घरातून परवानगी मिळावी म्हणून प्रत्येकीची आई शेजारी बसते.

या कामाने केंद्राला एक नोंदवही मिळाली. घरोघरच्या पाहणीत ज्या माहितीला लोक बिचकत होते, ती कागदपत्रांची माहिती त्यांनी स्वतः आणून दिली. ती अर्जाखेरीज कशासाठीही वापरली जाणार नाही, झेरॉक्स प्रती केंद्रात ठेवल्या जाणार नाहीत आणि मोबाइलवरील छायाचित्रे अर्ज गेल्यावर लगेच पुसली जातील, असा ठराव आज करण्यात आला. निवडणुका पुढे आहेत. अशा याद्यांना गिऱ्हाईक असते.

११ ऑगस्ट २०२४

रात्री जोराचा पाऊस झाला. पाऊस सुरू होताच मंडळाच्या दोन मुलांनी वर जाऊन पन्हाळींची तोंडे कापडाने बंद केली आणि पाणी रात्रभर छतावर साठू दिले. सकाळी आत पाहिले तेव्हा एका खिडकीच्या छज्जापाशी ओल होती, बाकी छत कोरडे होते. छज्जाची भेग भरायची आहे. चाचणी उरकल्यावर स्लॅबवरचे पाणी वाया जाऊ न देता खाली दोन पिंपांत उतरवून घेतले आणि त्यावर फरशी धुऊन झाली.

२० ऑगस्ट २०२४

नारळी पौर्णिमेला काल मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव झाला. केंद्र दोन दिवस बंद होते. राखीच्या आधीच अनेक जणींच्या खात्यात योजनेचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये आले. ज्यांचे आले नाहीत त्या उद्यापासून येतील, त्यासाठी वेगळी वेळ ठेवावी लागेल.

२२ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सव पार पडला. विसर्जन मिरवणुकीच्या आधीचे दोन आठवडे संध्याकाळी सात ते नऊ लेझमाचा सराव आणि आत अभ्यासिका, या दोहोंचा मेळ बसणार नाही हे आधीच दिसत होते. त्या काळात अभ्यासिकेची वेळ पहाटे पाच ते आठ करून पाहिली. आश्चर्य म्हणजे पहाटेला मुलांची हजेरी घटली नाही, मुलींची मात्र घटली, कारण ती वेळ पाणी, स्वयंपाक आणि आईच्या मालाच्या मोजणीची असते. पुढच्या वर्षी मुलींसाठी दुपारची वेळ वाढवून द्यावी लागेल.

वीजजोडणी आली. वाचनालय व अभ्यासिका म्हणून 'सार्वजनिक सेवा' वर्गवारीत अर्ज केला होता. व्यापारी दराने जोडणी घेतली असती तर वर्गणीचा मोठा भाग बिलातच गेला असता. चार पंखे, सहा ट्यूबलाइट, वेगळे अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) बसवून घेतले. तारा ओढण्याचे काम आयटीआयच्या एका विद्यार्थ्याने केले आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनने ते तपासून दाखला दिला.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, इयत्तेनुसार वर्षाला १,००० ते २५,००० रुपये. आई किंवा वडिलांची विडी कामगार म्हणून किमान सहा महिन्यांची नोकरी असावी लागते. वस्तीतील अनेक पात्र घरांनी आजवर हा अर्ज केलेलाच नव्हता, कारण तो आता ऑनलाइन भरावा लागतो. जुलैत ज्या मुली तयार झाल्या त्यांच्याकडेच हे काम सोपवले आहे.

१३ ऑक्टोबर २०२४

नवरात्रात बतुकम्माच्या, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या, फुलांचे थर रचण्यासाठी बायकांनी समाजमंदिराच्या आतील जागा प्रथमच वापरली. आजवर त्या रस्त्यावर बसत. शौचालयाची जोडणी झाल्यामुळे हे शक्य झाले. मलवाहिनीपर्यंतचा खड्डा आम्हीच खणला. एक हजार लिटरची टाकी वर ठेवली असून पाण्याच्या दिवशी ती भरण्याची जबाबदारी मंडळाकडे आहे. बादलीने वापर केल्यास पाच दिवस पाणी पुरते. म्हणून फ्लशची टाकी बसवू नये, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

२४ नोव्हेंबर २०२४

विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली होती, २० नोव्हेंबरला मतदान झाले, काल निकाल लागला. मधल्या काळात इथे मतदान केंद्र असल्यामुळे अभ्यासिका चार दिवस बंद ठेवावी लागली. निकालानंतर गुलाल उधळत आलेल्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना फ्लेक्सबद्दलचे कलम दाखवावे लागले. ते दाखवण्याचे काम मे महिन्यात याच कलमावरून उठून गेलेल्या दोघांनी केले.

१५ डिसेंबर २०२४

एका देणगीदाराने दहा संगणक देण्याची तयारी दाखवली आहे. बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. संगणक ठेवायचे तर खिडक्यांना जाळ्या, विमा, धूळ रोखणारी खोली आणि बिघडले तर दुरुस्तीचा माणूस हवा. यांपैकी आमच्याकडे काही नाही. त्याऐवजी पंचवीस बाके, दोन कपाटे आणि दहावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांचे संच मिळतील का, असे विचारण्यात आले. देणगीदाराला ते प्रथम पटले नाही, कारण बाकांचे छायाचित्र संगणकांइतके उठून दिसत नाही. दोन संगणक आणि बाकी रकमेची बाके, असा मध्यममार्ग निघाला.

१९ जानेवारी २०२५

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे मागचा आठवडा कामाविना गेला, तो तसा जाणार हे धरलेलेच होते.

आजच्या बैठकीत विड्यांचा प्रश्न निघाला. महिलांच्या बैठकीला येताना काही जणी सूप सोबत आणतात, कारण दोन तास हात रिकामे ठेवले तर तेवढ्या विड्यांची मजुरी बुडते. दुसरीकडे, त्याच फरशीवर संध्याकाळी मुले बसतात आणि तंबाखूचा धुरळा बाकांच्या फटींत राहतो. एका अक्कांचे म्हणणे असे पडले की सूप नको असेल तर आम्हीही येणार नाही. यात उद्धटपणा नव्हता, साधा हिशेब होता. शेवटी असा निर्णय झाला की बैठक आत न घेता बाहेरील ओट्यावर घ्यायची, ओट्यावर पत्र्याची पडवी काढायची आणि उन्हाळ्यासाठी तिच्यावर पांढरा चुना मारायचा. पडवीचा खर्च वर्गणीतून भागत नाही, त्यासाठी तीन महिने थांबावे लागेल. तोपर्यंत मंडळाचा मांडव ओट्यावर बांधला आहे.

९ फेब्रुवारी २०२५

बारावीची परीक्षा परवापासून, दहावीची २१ तारखेपासून. अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी ठेवली आहे. रात्री नऊनंतर मुलींना घरी सोडण्यासाठी दोन-दोन महिलांच्या जोड्या ठरवल्या आहेत, आणि रात्रपाळीला निघणारे पुरुष जाताना दारात डोकावून जातात. बाके अपुरी पडत असल्याने परीक्षेला बसलेल्यांना बाके आणि बाकीच्यांना सतरंजी, असा नियम मुलांनीच केला. तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोणी मोठे माणूस नेमावे लागलेले नाही.

स्वयंसेवकांची उपस्थिती पूर्वीपेक्षा विरळ झाली आहे. नोकरी लागून दोघे पुण्याला गेले, एकीचे लग्न ठरले. यावर उपाय म्हणून प्रत्येक पाळीला एक मोठे आणि एक शाळकरी अशी जोडी लावली आहे, म्हणजे मोठे माणूस गेले तरी काम माहीत असलेले कोणीतरी मागे राहते.

९ मार्च २०२५

हिशेब वाचून दाखवण्यात आला, मराठीत आणि तेलुगूत. वर्गणी देणारी घरे सुरुवातीपेक्षा थोडी वाढली आहेत. न देणाऱ्यांची नावे फलकावर लावावीत, ही सूचना फेटाळली.

अकरा महिन्यांच्या कराराची मुदत मे महिन्यात संपते, नूतनीकरणाचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे. पुण्याला गेलेल्या दोघांच्या जागी कार्यकारिणीवर नवे सदस्य घेतल्यामुळे संस्थेच्या विश्वस्त नोंदणीतील बदलाचा अर्ज नव्वद दिवसांच्या आत दाखल करावा लागेल; त्याची मूळ कागदपत्रे लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. पडवीसाठी पत्र्याचे दोन भाव आले आहेत, तिसरा मागवायचा आहे. उजनीची पातळी यंदा चांगली असली तरी नळाचे अंतर तेच आहे, तेव्हा दुसरी एक हजार लिटरची टाकी उन्हाळ्याआधी बसवावी. पुढील बैठक पाण्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता.